फोटोतला ड्रायव्हर

हिंदुरावांच्या तोंडाला काजळी फासायला मोनिका नावाची एक मुलगी नेमली होती. तिने एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात ब्रश धरून त्यांच्या गालांवर, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर काळं लावलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "काका, आता कसे रियल वाटता!"

हिंदुरावांनी आरशात पाहिलं. एकतीस वर्षं ते पिंपरीतल्या एका रबराच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट होतं त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांत एक दिवसही ते असलं तोंड घेऊन घरी गेले नव्हते. ज्याच्या तोंडावर काजळी, त्याची भट्टी नीट जळत नाही, आणि ज्याची भट्टी नीट जळत नाही त्याला कामावर ठेवत नाहीत. पण हे त्या पोरीला सांगून काय उपयोग? तिने त्यांच्या गळ्यात लाल रुमाल बांधला, डोक्यावर निळी टोपी तिरकी ठेवली, आणि हिंदुरावांचा बहुरूपी करून झाला.

जानेवारीतला रविवार होता. चिंचवड स्टेशनच्या बाजूच्या यार्डात वाफेचं एक जुनं इंजिन उभं होतं. कुठल्याशा ट्रस्टने ते दुरुस्त करून भाड्याने द्यायला ठेवलं होतं. त्याच्यामागे रंग दिलेले तीन जुने डबे, आणि सगळ्यांत मागे एक डिझेल इंजिन, त्याच्यावर प्लास्टिकच्या द्राक्षांचे वेल सोडलेले. ढकलायचं काम मागून डिझेलने करायचं आणि पुढे धूर काढायचं काम वाफेने, अशी वाटणी होती. ही गाडी वडगावच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सायडिंगवर, म्हणजे मालासाठी टाकलेल्या आडरुळावर, जाणार होती. तिथल्या मैदानात वाइन महोत्सव होता.

हे सगळं जुळवून आणणारा समर्थ हा रहाटणीतल्या जुन्या घराण्यातला. बापाने जमीन बिल्डरला दिली आणि पोराने इव्हेंट कंपनी काढली. खरं इंजिन चालवायला ट्रस्टचा ओंकार नावाचा तरुण होता, पण तो दिसायला बँकेतल्या कारकुनासारखा, चष्मा लावलेला, गोरागोमटा. फोटोत तो शोभेना. म्हणून समर्थने दाट मिशांचा, रापलेला माणूस शोधला आणि त्याला हिंदुराव सापडले. त्यांनी इंजिनाच्या खोलीत उभं राहायचं, बाहेर वाकायचं, लोकांनी फोटो काढले की काढू द्यायचे. हात कशालाच लावायचा नाही.

हिंदुरावांनी हे का पत्करलं? सुमनसाठी.

सुमनने, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवऱ्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. बॉयलर हाउसमध्ये बाईमाणसाला कोण जाऊ देतंय! लग्न होऊन खटाव तालुक्यातून काळेवाडीत आली तेव्हापासून ती विचारायची, "अहो, तुम्ही तिथं नेमकं करता काय?" एकदा शेजारच्या कंपनीत बॉयलर फुटला, तेव्हा कडेवर तान्ही पोरगी घेऊन ती गेटापर्यंत पळत आली होती. त्या रात्री हिंदुरावांनी तिला सांगितलं होतं, "मी आत असेपर्यंत काही होत नाही. आणि व्हायची वेळ आलीच, तर सगळ्यांच्या आधी मी ओरडेन. तू घाबरायचं नाही." त्यानंतर ती खरंच घाबरली नाही. घरात भिंतीवर त्यांचा एकच फोटो होता, निरोप समारंभातला: हातात नारळ, खांद्यावर शाल, तोंड पडलेलं. कारखाना आता नव्हताच, तिथे चोवीस मजली इमारती झाल्या होत्या. बॉयलरसमोर उभं राहून एक फोटो असावा आणि तो सुमनने काढावा, एवढंच त्यांना हवं होतं. समर्थला ते म्हणाले होते, "मला पैसे नकोत. आमच्या मंडळींना डब्यात एक जागा द्या."

निमंत्रणावर लिहिलं होतं, सर्वांनी पांढऱ्या पोशाखात यावं. सुमनने ते दोनदा वाचलं. "पांढरं? सवाष्णीनं?" मग तिने ट्रंकेतून मोतिया रंगाची इरकल काढली. लेकीच्या लग्नातली. त्यानंतर तिची घडी मोडलेली नव्हती.

यार्डात मंडळी जमू लागली आणि हिंदुरावांच्या डोळ्यांना मेजवानी सुरू झाली. ताथवड्याच्या उंच सोसायट्यांमधली संगणकवाली पोरं पांढरे कुडते घालून आली होती. इस्त्री कडक आणि चालणं आजारी. रहाटणीचे, पिंपळे सौदागरचे नवे शेठ आले होते. पांढरे बूट, गळ्यात साखळ्या. कॅमेरेवाल्यांचा एक वेगळाच कळप होता. प्रत्येकाच्या गळ्यात हातभर लांबीचं भिंग. त्यांना माणसांचं वावडं होतं. कुणी चुकून इंजिनासमोर आलं की "फ्रेम! फ्रेम सोडा!" असं ओरडत. जन्मात गाडी बघितली नाही असं वागत होते आणि गाडी बघतही नव्हते, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काढलेला फोटो बघत होते.

मोठी हॅट घातलेली एक बाई तर इंजिनाच्या पायरीवरच चढली. रश्मी तिचं नाव, तिच्या मैत्रिणी खालून हाका मारत होत्या म्हणून कळलं. "काका, जरा अँग्री लूक द्या ना," ती म्हणाली. हिंदुरावांना तो लूक द्यायला काही कष्ट पडले नाहीत. तिने खूश होऊन "सो स्वीट" म्हटलं आणि उतरली. ह्या बाईच्या डोक्यात हॅटशिवाय काहीच नसणार, अशी त्यांची खात्री पटली.

इंजिनात पाणी भरायला टँकर आला होता. हिंदुराव सहज पाइपाजवळ गेले. जोडावरून पाणी खडीवर सांडत होतं आणि खडीवर फेस बसत होता. पाणी वाहून गेलं तरी फेस तसाच. त्यांनी बोट बुडवून चोळलं. बुळबुळीत.

"काय रे, टँकर कशानं धुतला?" त्यांनी टँकरवाल्याला विचारलं.

"पावडरीनं," तो अभिमानाने म्हणाला. "समर्थसायबच म्हनलं, इंजनाची पूजा हाय, पानी देवाचं हाय, तवा टँकर आतनं चकाचक करून आन. दोन किलो पावडर घातली बगा. आमी दोघं आत उतरून घासलाय."

"मग नीट खळबळून घेतला का?"

"येळ कुठं व्हता! पन स्वच्छ हाय, वास घ्या की."

वास खरंच छान होता. लिंबाचा. हिंदुरावांना हसावं की कपाळ बडवावं कळेना. तडक ते समर्थकडे गेले. समर्थ पूजेच्या ताटाशी उभा राहून झेंडूचा हार कसा पडला पाहिजे ते एका कॅमेरेवाल्याला विचारत होता.

"समर्थराव, हे पाणी काढून टाकायला लागेल. साबण आहे त्यात. बॉयलरमध्ये साबण गेला की पाणी फेसाळतं, आणि जोरात वाफ सोडली की पाणीच उचलून चिमणीतून बाहेर फेकतं. चिमणीतली सगळी काजळी घेऊन."

समर्थने त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या तोंडावरच्या रंगाकडे पाहिलं. "मोनिका, काकांचं नाक जरा अजून डार्क कर," तो म्हणाला. मग हिंदुरावांच्या खांद्यावर हात ठेवून, शेजारच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं बोलला, "काका, तुम्ही फक्त फोटोत दिसायचं. इंजिनाचं इंजिनवाले बघतील. उगाच रोलमध्ये घुसू नका." पाहुणे हसले. एकाने तेवढ्यात फोटोही काढला.

हिंदुराव परत इंजिनात येऊन उभे राहिले. एकतीस वर्षं ज्याच्या शब्दावर बॉयलर बंद करून अख्खा कारखाना थांबवला जायचा, त्याला हा कालचा पोरगा नाक डार्क करायला लावतो! ओंकार तिथेच होता, भट्टी बघत. त्याला सांगणं सोपं होतं. एक वाक्य. हिंदुरावांनी ते सांगितलं नाही. बघू दे इंजिनवाल्यांना, म्हणाले मनात.

पूजा झाली, नारळ फुटला, गाडी निघाली. तळेगाव मागे पडेपर्यंत काहीच झालं नाही, कारण ढकलत होतं डिझेल. वाफेचं इंजिन नुसतं सुस्कारे सोडत होतं. डब्यांत काचेचे पेले फिरू लागले. लोक पेला गोल फिरवून वास घेत होते, डोळे मिटत होते, आणि मग हळूच विचारत होते, "सोडा आहे का?" एका शेठने बर्फ मागितला, दुसऱ्याने चकण्याला शेंगदाणे. वाढणाऱ्या पोराने चीजचा तुकडा पुढे केला तर शेठ म्हणाला, "हे नगं, पोट बिघडतं." सुमन खिडकीजवळ बसली होती. तिच्या पुढ्यात कुणीतरी द्राक्षाचा रस ठेवला होता आणि ती तो पन्ह्यासारखा जपून पीत होती. वडगावला गाडी थांबली तेव्हा हिंदुरावांनी लांबून एवढं पाहिलं.

सायडिंगला लागल्यावर मैदान अर्धा किलोमीटर राहिलं असताना गाडी थांबली. समर्थने हातात माइक घेतला. "मित्रांनो, आता रन-पास! तुम्ही सगळे खाली उतरणार, गाडी रिकामी मागे जाणार, आणि मग धूर सोडत तुमच्यासमोरून जाणार. जगभर असंच करतात!"

कॅमेरेवाल्यांनी अट घातली की डिझेल फोटोत नको. मग डिझेल सोडवून पार मागे नेऊन उभं केलं. म्हणजे पहिल्यांदाच त्या बिचाऱ्या वाफेच्या इंजिनावर तीन डबे ओढायची पाळी आली. लोक उतरून रुळाच्या कडेला उभे राहिले. खाली फलाट नव्हता, शिडी लावावी लागत होती. सुमनचे गुडघे असे की ती उतरणारच नाही, हे हिंदुरावांनी गृहीत धरलं होतं. डबे रिकामे करणार आहेत हे त्यांनी माइकवर ऐकलं होतं, पण त्यांचं लक्ष पांढऱ्या कपड्यांकडे होतं. दोन-अडीचशे माणसं, सगळी पांढरीशुभ्र, रुळाच्या अगदी कडेला, तोंडं वर करून.

पहिला फेरा ओंकारने बेताने मारला. धूर थोडा आला. पब्लिक नाराज झालं. "धूर! धूर!" असा ओरडा सुरू झाला. वाइन आता चढली होती. "वन्स मोअर!" कॅमेरेवाले म्हणाले, हा धूर नाहीच, हा तर उदबत्तीचा.

गाडी पुन्हा मागे गेली. समर्थ धापा टाकत पायरीवर चढला. "ओंकार, फुल पॉवर मार. लोकांना मजा आली पाहिजे. आणि काका, बाहेर वाका जरा. हसा. मघापासून सुतकात बसल्यासारखं तोंड केलंय!" आणि उडी मारून पळत गेला, कॅमेरेवाल्यांच्या सगळ्यांत पुढे जाऊन उभा राहिला.

ओंकारने वाफ सोडायच्या दांड्यावर हात ठेवला आणि थांबला. समोरच्या काचेच्या नळीत बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दिसतं. ती नळी दुधासारखी पांढुरकी झाली होती आणि पाणी वर-खाली उड्या मारत होतं.

"काका," तो म्हणाला, "हे पाणी बघा ना कसं नाचतंय. मला ट्रेनिंग दोनच महिन्यांचं आहे. तुम्ही बॉयलरवर होतात ना? काय वाटतं तुम्हाला?"

विचारलं होतं. ज्याने विचारायला हवं त्याने, जसं विचारायला हवं तसं. हिंदुरावांना ठाऊक होतं काय सांगायचं: दांडा नुसता चिमटीभर उघड, सावकाश जा, मैदानात पोचल्यावर पाणी सोडून दे. त्यांनी बाहेर पाहिलं. लांबवर समर्थ दोन्ही हात वर करून सगळ्यांना अजून पुढे यायला सांगत होता.

"मला काय विचारतोस?" हिंदुराव म्हणाले. "मी फोटोतला ड्रायव्हर."

ओंकारने चष्मा सारखा केला, थोडा वेळ वाट पाहिली आणि दांडा ओढला.

इंजिनाने आधी दोन-चार मोठे श्वास घेतले. गाडी वेगात आली. काळा धूर सरळ वर गेला आणि गर्दीतून आनंदाचा चीत्कार उठला. हिंदुराव कमरेपासून बाहेर वाकले. समर्थ जवळ येत होता. आणि तो बरोबर चिमणीसमोर आल्यावर इंजिनाला उचकी लागली, धुराचा आवाज बदलला आणि चिमणीतून पाणी उसळलं. काळं, कोमट, फेसाळ पाणी, कारंज्यासारखं. कुडत्यांवर, साखळ्यांवर, हातभर लांबीच्या भिंगांवर, वाइनच्या पेल्यांत. समर्थ तोंड उघडं ठेवून उभा होता, ते भरलं. लोक एकमेकांना ढकलत पळत सुटले, आणि सगळ्या सायडिंगवर लिंबाचा वास सुटला.

हिंदुराव हसले. नोकरी सुटल्यापासून सहा वर्षांत ते असे हसले नव्हते. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मिशा थरथरेपर्यंत. आता कर म्हणावं नाक डार्क!

ओंकारने दांडा बंद केला होता. गाडी दीडशे पावलांवर थांबली. कुणाला भाजलं नव्हतं, लागलं नव्हतं. पाणी हवेतच निवत आलं होतं. नुसता बट्ट्याबोळ झाला होता. हिंदुराव रुबाबात पायऱ्या उतरले आणि डब्याकडे निघाले, सुमनला गंमत सांगायला. डबा रिकामा होता. खिडकीजवळच्या तिच्या जागेवर कुणी नव्हतं.

त्यांनी वळून पाहिलं. सगळे शेताच्या बांधापर्यंत पळाले होते. रुळाच्या कडेला एकच बाई उभी होती, जिथे होती तिथेच. केसांतून काळे ओघळ येत होते. मोतिया इरकलीची डावी बाजू खांद्यापासून निऱ्यांपर्यंत काळी झाली होती. ती पदराच्या कोरड्या टोकाने मोबाइल पुसत होती.

"अगं, तू का उतरलीस?" हिंदुराव धावत तिच्यापाशी गेले.

"डबा रिकामा करायचा म्हणाले. त्या हॅटवाल्या बाईनं धरून उतरवलं मला. चांगली आहे हो. म्हणाली, काकांचा फोटो काढायचा ना, मग अगदी पुढं उभ्या राहा." सुमन हसत होती. तोंड काळं, दात पांढरे. "आणि आला बघा फोटो!"

"अगं पण पळायचं ना! सगळे पळाले!"

"मी कशाला पळू?" तिला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही होतात ना आत. भ्यायचं काही असतं तर तुम्ही ओरडला असतात."

तिने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. हातभर भिंगवाल्यांना मिळाला नसता असा फोटो होता. भट्टीचा उजेड मागे, धूर आणि काळं कारंजं वर, आणि हिंदुराव बाहेर वाकून हसताहेत. "किती दिवसांनी असं हसलात!" ती म्हणाली. "मी हातही केला तुम्हाला. तुमचं लक्ष नव्हतं. पण हाच भिंतीवर लावायचा आपण. तो नारळाचा काढून टाकू."

सांगू नये, असं हिंदुरावांना वाटलं. लावू दे भिंतीवर. कुणाला कळणार आहे?

तेवढ्यात ओंकार आला. चष्मा हातात, चेहरा पांढराफटक. "मावशी, तुम्हाला भाजलं तर नाही ना? बघू हात." त्याने तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग हिंदुरावांकडे वळला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "काका, मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "पाणी नाचतंय म्हणून विचारलं होतं ना मी? तुम्हाला माहीत नव्हतं तर नाही म्हणायचं. मी थांबलो असतो." आणि तो इतर लोकांची विचारपूस करायला गेला.

सुमनने मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. इंजिन गेलं, धूर गेला, नुसतं तोंड राहिलं. ते ती बराच वेळ पाहत होती. हिंदुरावांना ती काय पाहते आहे ते दिसत होतं. फोटोत चिमणीतून पाणी उडालेलं होतं आणि माणूस हसत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

खोटं बोलायला एवढासा वेळ पुरला असता. पण तिच्या भुवईवरून एक काळा थेंब खाली आला आणि तिने तो पुसला नाही, उत्तराची वाट बघत राहिली.

"व्हय," हिंदुराव म्हणाले. "सकाळपासनं माहीत होतं."

तिने मान हलवली. मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग हा फोटो तुमच्यापाशीच ठेवा."

बांधाकडून ती रश्मी येत होती. हॅट कुठेतरी पडली होती, कपडे सुमनपेक्षा काळे. येताना तिने पाण्याची बाटली आणि कुणाची तरी शाल आणली होती. तिने काही न विचारता सुमनचं तोंड धुतलं, कान पुसले, खांद्यावर शाल घातली आणि हात धरला. दोघी गुडघे सांभाळत सावकाश मैदानाच्या दिशेने निघाल्या.

हिंदुराव मागे उभे राहिले. कॅमेरेवाल्यांपैकी एकजण भिंग पुसून परत आला होता. त्याने रिकामं इंजिन पाहिलं, रिकामे रूळ पाहिले, आणि हिंदुरावांना हाताने खूण करून ओरडला, "काका, फ्रेम सोडा!"

हिंदुराव बाजूला झाले.